वैजापूरच्या पलीकडची शाळा

हे माझ्या बायकोलासुद्धा ठाऊक नाही. माझे बाकीचे सगळे दोष तिला तोंडपाठ आहेत, त्यामुळं एखादा राहून गेला असेल अशी शंकाच तिला कधी आली नसावी. तुम्हाला मात्र सांगतो. का सांगतो? ते मलाही नीट कळत नाही.

शहराचं नाव औरंगाबाद होतं तेव्हाची गोष्ट. मी मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालो आणि — घरी बसवेना म्हणून — मुख्याध्यापकांची शिबिरं घ्यायला लागलो. मुख्याध्यापक, उपमुख्याध्यापक, पर्यवेक्षक यांना एकत्र बसवायचं आणि विचार करायला लावायचं. आज शाळेपुढं अडचणी काय, उद्या काय येऊ घातलंय? पोरांच्या हातात मोबाइल आलाय, इंग्रजी शाळेची पिवळी गाडी पार वस्तीपर्यंत येतेय, आपला पट घसरतोय. बोलायला मी बरा होतो. पण जेवणानंतर? पुरी-भाजी पोटात गेल्यावर कोण चिंतन करतं? पुढच्या रांगेतले डोळे मिटून करत.

अशाच एका दुपारी मी म्हणालो, मुख्याध्यापकानं आपली चूक सहकाऱ्यांपुढं मोकळेपणानं कबूल करावी, शाळा तिथूनच बदलते. तेवढ्यात लासूरकडचे जाधव सर — ते जागे होते, हे माझं दुर्दैव — उठले.

"सर, तुमचं लई पटतं. पण असं कुणी केलंय का कुठं? एक तरी शाळा सांगा."

सभागृह खडबडून जागं झालं. मी काय सांगणार? मी स्वतः कधी केलं होतं? माझ्या कारकिर्दीत माझ्या हातून एकही चूक झाली नव्हती; झाल्या त्या सगळ्या शिपायाच्या हातून. एवढंच म्हणायचं होतं — नाही सर, मला माहीत नाही. पण तोंडातून निघालं, "आहे ना. वैजापूरच्या पलीकडं."

आणि मग — खोटं बोलताना मला इतकं सुचतं हे मला तोवर माहीत नव्हतं — मी तिथले मुख्याध्यापक म्हणून गवळी गुरुजी उभे केले. रोज सकाळी प्रार्थनेआधी सगळे शिक्षक गोल बसतात. काल माझं काय चुकलं, ते प्रत्येकानं सांगायचं. सगळ्यात आधी गुरुजी सांगतात. कुणी हसत नाही, कुणी बाहेर बोलत नाही. लोकांनी भराभर लिहून घेतलं. त्या दिवशी चहाला सगळे माझ्याभोवती.

पुढच्या शिबिरात गुरुजींना कडुलिंबाचा पार मिळाला. त्याच्या पुढच्यात थोडा दमा. एकदा कन्नड तालुक्यातले एक सर उभे राहून म्हणाले, "मी पाहून आलो ती शाळा. जसं सर सांगतात, तंतोतंत तसंच." मी त्यांच्याकडं पाहिलं, त्यांनी माझ्याकडं. दोघांनी मान हलवली. त्यांनाही पुढं कुठंतरी व्याख्यानाला बोलावणं आलं म्हणे.

इथवर हसण्यावारी नेता आलं असतं. पण सुनंदाबाई होत्या ना.

फुलंब्रीजवळच्या एका गावात त्या मुख्याध्यापिका होत्या. कमी बोलायच्या, पण ऐकलेलं करायच्या — शिबिराला येणाऱ्या माणसाकडून कुणी अशी अपेक्षा ठेवतं का? त्यांनी खरंच शिक्षकांना गोल बसवलं. काही महिने ते चाललं. मग एका सकाळी त्या म्हणाल्या, चित्रकलेचं बक्षीस मी सरपंचांच्या नातवाला दिलं. चित्र एका पारध्याच्या मुलीचं चांगलं होतं, पण मी घाबरले. दुपारपर्यंत ते गावभर झालं. सरपंच शाळेत येऊन ओरडून गेले. दोन शिक्षकांनी वर तक्रार केली. चौकशी लागली.

बाई माझ्या घरी आल्या. चहाला हात लावला नाही.

"सर, माझं काय चुकलं तेच कळंना. मला एकदा गवळी गुरुजींची गाठ घालून द्या. ते सांगतील."

तेव्हा तरी खरं सांगायला काय हरकत होती? समोर फक्त त्या होत्या. सभागृह नव्हतं, जाधव सर नव्हते. आणि मी म्हणालो, "बाई, गुरुजी गेले. दमा होता त्यांना."

त्या रडल्या. स्वतःसाठी नव्हे — गुरुजींसाठी.

पुढच्या शिबिराच्या सुरुवातीला त्यांनीच सुचवलं आणि आम्ही सगळे उभे राहिलो. दोन मिनिटं शांतता. जाधव सरांनी आठवणी सांगितल्या. गुरुजींनी एकदा त्यांना स्वतःच्या हातानं भाकरी वाढली होती म्हणे. मागं कुणीतरी नाक शिंकरलं. कन्नडचे सर डोळे पुसत होते. मीही पुसले — न पुसणारा मी एकटाच उठून दिसलो असतो.

सुनंदाबाईंनी मुख्याध्यापकपद आपणहून सोडलं आणि पुन्हा तिसरीच्या वर्गावर गेल्या.

त्यांच्या निवृत्तीच्या समारंभाला पाहुणा म्हणून मलाच बोलावलं होतं. बाई उभ्या राहिल्या, पदर सावरला आणि म्हणाल्या, "गवळी गुरुजींना जमलं ते मला जमलं नाय. धीर कमी पडला. एवढी एकच खंत घेऊन चाललेय."

अशी शाळा एकच झाली, काही महिने, फुलंब्रीजवळ, आणि ती त्यांची होती. हे मला माहीत होतं. माइक माझ्यासमोर होता. त्यांच्यानंतर बोलायचं मलाच होतं.

मी उठलो आणि गुरुजींच्या साधेपणावर बोललो. भाषण चांगलं झालं.