पांढऱ्या टोपीवाली सून

इंग्लिश स्कूलमध्ये इंटरव्यू लेकराचा नाही, मायचा होते, असं शेजारची म्हने. तिच्या नातवाले घेतलं नोतं. "माय नुसती मान खाली घालून बसली, मंग कोन घेईन?" नवरा नागपूरले गोदामात कामाले, दिवाळीलेच येते. सासू-सासरे शिकले नाही. म्हंजे जायचं मलेच, अन् मी आठवी, तेबी कटंगीकडल्या गावच्या शाळेतली. पन पोरगी तिथं शिकली पायजे, हे मी तिच्या जन्मापासून धरून बसली होती.

माझा सासरा भंगार घेते. खदानीकडल्या बंगल्यातला एक म्हातारा साहेब पोराकडं राह्याले गेला, तवा जाताना त्यानं डीवीडीचं अख्खं खोकं देलं, मशीनसुद्धा. सगळ्या विलायतच्या जुन्या मालिका. कवरवर मोठमोठ्या कोठ्या, घोडागाड्या, उंच टोपीवाले मानसं. काही जनावरा-पाखराइच्या फिल्मा. सासरा प्लास्टिक वेगळं कराले बसला तं मी म्हनलं, "मामाजी, राहू द्या ना. पोरगी पाहीन."

दुपारी काम आटोपलं का लावत होतो. सासू खाटेवर, पोरगी तिच्या मांडीवर, अन् मी दाराशी उभी. आमच्यात सासूसमोर सून खाटेवर नाही बसत. खाली बसलं तं चालते, पन सासरा कवाबी येईन म्हनून मी उभीच राहो.

एका मालिकेत माझ्याच वयाची एक पोरगी होती, डोक्शावर पांढरी टोपी. सगळे जेवाले बसले का हे भिंतीशी उभी. विचारलं तरच बोले. मोठी बाई आली का नजर खाली. सगळ्याइच्या आधी उठून चूल पेटवे.

सासू म्हने, "पाय, गोऱ्याइच्या घरच्या सुनाबी कशा डोकं झाकतेत! अन् तुमाले पदर जड होते."

"हौ," मी म्हनलं. मलेबी ते धाकटी सूनच वाटली. तिचा नवरा कधी दिसे नाही, तं वाटलं गेला असन कमाईले, माझ्यावाल्यासारखा. लय जीव बसला तिच्यावर. बाकीचे भराभर बोलत, काही समजे नाही. हे थोडकं बोले, साफ बोले. मशीन थांबवून, खालच्या अक्षराइवर बोट फिरवून मी तिचंच पाठ केलं. येस मॅडम. थँक यू मॅडम. विल दॅट बी ऑल, मॅडम? म्हंजे, अजून काही पायजे का. भांडे घासता घासता म्हनो, तं पोरगी टाळ्या वाजवे. तिले सोताले पाखराइच्या फिल्मचं याड. बर्फातल्या पाखराचा बाप पायावर अंडं घेऊन उभा राह्यते, ते रोज लावाले सांगे.

इंटरव्यूच्या दिवशी मोठ्या मॅडम फोनवर होत्या. हातानंच बसा म्हनलं. समोर खुर्च्या होत्या. पोरगी टुनकन चढली. माझे पाय वाकलेच नाही. मॅडम सासूच्या वयाच्या, त्याइच्यासमोर खुर्चीवर कशी बसू? मी भिंतीशी गेली, पदर ओढला, हात समोर धरून उभी राह्यली.

मॅडमनं चित्रं दाखवले. पोरगी आम बोलली, हाथी बोलली, अन् ते पाखरू आलं तं सुटलीच. "पेंग्विन! इसके पापा अंडा पैर पे रखते हैं, मम्मी समुंदर में जाती है!"

मॅडम हासल्या. "अरे वा! किसने सिखाया?"

पोरगीनं माझ्याकडं बोट केलं. मॅडमनं आता कुठं माझ्याकडं पाह्यलं. मले वाटलं, आला माझा नंबर. मी एका दमात बोलून टाकलं, "येस मॅडम थँक यू मॅडम विल दॅट बी ऑल मॅडम?"

मॅडम लय मायेनं म्हनल्या, "बहुत बढ़िया! किसी बड़े घर में काम करती हो, लगता है. बच्ची की मम्मी नहीं आई? उनको भेजना, उन्हीं से बात करनी है."

माझ्या तोंडून पुन्हा "येस मॅडम"च निघालं. पोरगीचा हात धरून मी बाहेर आली.

व्हरांड्यात उभी राह्यली अन् सगळी मालिका डोक्शात उलटी फिरली. ते कधीच त्याइच्या टेबलावर जेवली नाही. वरच्या अंधाऱ्या खोलीत एकटीच झोपे. नवरा कमाईले गेलताच नाही, तिले नवरा नोताच. ते कामवाली होती. अन् आमी दोघी सासू-सुना रोज तिले सून समजून पाहून राह्यलतो. वाटलं, इथंच जमीन फाटावी.

पोरगी म्हने, "आई, मम्मी तं तूच हाय ना? मंग कोनाले पाठवतं?"

"चूप."

"आपन घरी चाललो? मले नाही घेतलं?"

तिचे ओठ थरथराले लागले. मी परत फिरली. मॅडम म्हनल्या, "कुछ भूल गई क्या?" मी खुर्चीच्या काठावर बसली. इंग्रजी एक अक्षर आठवलं नाही.

"मैं ही मम्मी हूँ."

मॅडमचा पेन थांबला. "सॉरी, सॉरी. आप वहाँ खड़ी थीं ना, तो..." मंग हिंदीतच विचारलं, कहाँ तक पढ़ी हो. आठवी म्हनलं, पदराचं टोक बोटाले गुंडाळत. पोरगीले घेतलं त्याइनं, तिच्या पेंग्विनच्या भरवशावर. पन ते सॉरी अजून आठवलं का मी आंगातल्या आंगात चोरट्यासारखी होतो.

पोरगीले घेतलं एवढंच मी घरी सांगतलं, तं सासू शेजारनीले सांगून राह्यलती, "आमची सून मॅडमशी इंग्रजीत बोलून आली." मी चुलीकडं तोंड केलं.

दुसऱ्या दिवशी सासू म्हने, "लाव ते टोपीवालीचं."

लावलं. जेवन चालू होतं, टोपीवाली भिंतीशी. माझ्याच्यानं राह्यवलं नाही. "मामीजी, ते सून नोहे. कामवाली होय."

सासूनं डोळे बारीक केले. "मंग सून कोनती?"

मी टेबलावर बसलेली, झग्यातली बाई दाखवली.

"हे? जेवून राह्यली हे? सासऱ्यासमोर? खुर्चीवर?"

"हौ."

पोरगी खाट थोपटून म्हने, "आई, बस ना." सासूनं टीव्हीवरचे डोळे हलवले नाही, फक्त खाटेवर लांब केलेले पाय जवळ ओढून घेतले. मले जागा केली का गुडघे दुखत होते, हे विचाराची हिंमत झाली नाही. मी तशीच उभी राह्यली.