सरकीवर पोसलेलं तट्टू

सातासमुद्रापार लढाई जुंपली आणि आमच्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्या तेजीत मला अमरावतीच्या बाजारात कापूस तोलायचं काम लागलं. माझं गाव तिथून तीन कोसांवर. वेळेवर पोचलं नाही, तर तागडीपाशी दुसरा माणूस उभा. बैल सगळे कापसाच्या गाड्यांना जुंपलेले. रोज जायला-यायला काहीतरी हवं होतं, आणि जनावरांची उस्तवार करायचा मला मनस्वी कंटाळा.

अकोल्याहून आलेल्या एका म्हाताऱ्या सौदागराकडे एक तट्टू पाहिलं. बुटकं, मळकट, पण खूर इतके टणक की नाल ठोकायची गरज नाही. तो म्हणाला, "याले खरारा नाई केला तरी चालते, भाऊ. फक्त ज्वारी अन् कडबा कमी पडू देऊ नका."

मी मनात हसलो आणि तट्टू घेतलं. सरकीचे ढीग जिथं-तिथं पडले होते आणि आमचे बैल जन्मभर सरकी खाऊनच धष्टपुष्ट झाले होते. तट्टाला वेगळं काय होणार?

पेरणीच्या वेळी बाबा म्हणाले, "एक वावर ज्वारीचं राहू दे. घरच्या भाकरीले अन् जनावराच्या कडब्याले."

"कडबा कोनाले पायजे? हे तट्टू सरकीवर राहीन. खायाची ज्वारी इकत घेऊ," मी म्हणालो. शेवटच्या वावरातही कापसाची पऱ्हाटीच पेरली. साऱ्या गावानं तेच केलं होतं. आज त्या शहाणपणाचा संताप येतो.

दिवाळीनंतर तट्टाला दोन्ही वेळा सरकीच. पौषापर्यंत त्याची तुकतुकी गेली, सपाट रस्त्यावरही ते धापा टाकू लागलं. "हे काहून असं करून राह्यलं?" बायको विचारायची. मला दिसत होतं, तरी मी टाच मारत होतो. त्याच सुमारास बाजारात ज्वारीच्या गाड्या कमी झाल्या. मग एक दिवस एकही आली नाही. कोणी त्यावर बोलेना. मीही कापूस तोलत राहायचो.

माघातल्या एका सकाळी तट्टू रस्त्यातच थरथरलं, गुडघ्यांवर बसलं आणि आडवं झालं. नाकातून फेस आला. मी त्याच्या मानेवरून हात फिरवत राहिलो, पण ते उठलं नाही.

पायी घरी परतलो. अंगणात जमिनीतलं ज्वारीचं पेव उघडं होतं आणि बायको सुपात तळाची ज्वारी पाखडत होती. मी तट्टाचं सांगितलं. तिनं सूप खाली ठेवलं.

"पेव सरलं," ती म्हणाली. "उद्या बजारातून ज्वारी घेऊन या."

महिनाभर बाजारात ज्वारीचा दाणा आला नव्हता, हे मी घरी कोणालाच सांगितलं नव्हतं.