पहिल्या घंटेला फाटकाशी

"घंटा वाजली की मास्तर जाते, पोट्टं नाई जात."

आमचे सर दरवर्षी जून संपता संपता शाळेच्या फाटकाशी उभे राहून हे म्हणायचे. एका हातात छत्री आडवी धरलेली, दुसऱ्या हातात एखाद्या पोराच्या दप्तराचा पट्टा. आवाज चढवायचा नाही, रागवायचं नाही. पोराला फिरवायचं, त्याचं तोंड वर्गाकडे करून द्यायचं आणि पुढच्याला धरायचं. सर आता शाळेत नाहीत. फाटक आहे, पोरं आहेत, घंटा तर आहेच.

बाहेरच्या माणसाला यातलं काही कळायचं नाही, म्हणून सांगते. आमची शाळा वर्धा जिल्ह्यातल्या आर्वीची, पाचवीपासूनची. पाचवीत निम्मी पोरं आजूबाजूच्या खेड्यांतून एसटीने येतात. गावच्या शाळेत चौथीपर्यंत दिवसभर एकच गुरुजी. घंटा झाली, गुरुजी उठले, म्हणजे सुट्टी. इथे पहिल्या तासाची घंटा होते, मास्तर खडू-डस्टर उचलून निघून जातात, आणि ही पोरं शहाण्यासारखी दप्तर भरून घराकडे निघतात. त्यांचं काय चुकलं सांगा? चार वर्षं जे शिकली तेच करतात बिचारी.

यावर सोपा उपाय आहे. दोन दिवस दारात उभं राहून ओरडायचं. पोरं भितात आणि बसतात. सरांना हे मान्य नव्हतं. म्हणायचे, "वासरू दूध सोडते तं एका दिवसात सोडते काय, मॅडम?"

मी हिंदी शिकवते आणि शाळेचं वेळापत्रक करते. वेळापत्रक म्हणजे लष्कराच्या भाकऱ्या. कितीही नीट करा, कोणी ना कोणी तोंड वाकडं करणारच. त्यात दोन जागा रिकाम्या, एकजण कायम कुठल्या तरी सरकारी कामावर. मी डोकं धरून बसलेली असायची तेव्हा सर हळूच शेजारची खुर्ची ओढायचे.

"पाचवीचे सगळे तास मले द्या."

"सगळे?"

"सगळे. तुमची हिंदी बी."

"सर, तुम्हाले हिंदी येते काय?"

"पोरायले तरी कुठी येते? बसू सोबत."

एकच मास्तर दिवसभर, गावच्या शाळेसारखा. मग आषाढ-श्रावणात ते एकेक तास परत करायचे. "आता गणित सोडलं. आता तुमची हिंदी घेऊन जा." तास परत केला तरी पहिले काही दिवस मागच्या बाकावर येऊन बसायचे, म्हणजे पोरांना धीर. आम्हाला मात्र ताप. कोणाला आवडतं आपल्या तासाला दुसरा मास्तर बसलेला? एकदा तर माझ्या तासाला घोरायला लागले. पोरं खुदखुदली. मी रागाने पाहिलं तर डोळे न उघडता म्हणाले, "चालू द्या, मॅडम. मी हावो इथी."

असं करता करता त्यांची नोकरी संपत आली. सप्टेंबरअखेर ते निवृत्त होणार होते. पायाला सूज यायची, साखर वाढलेली. मुख्याध्यापक म्हणाले, या वर्षी पाचवी राहू द्या, सर. तर म्हणे, "एवढी एक बॅच."

आणि त्याच बॅचमध्ये आचल आली.

पहिल्या दिवशी वेळापत्रक अजून लागलेलं नव्हतं; घंटा झाली तेव्हा सर फाटकाशीच होते. आलेली सगळी पोरं त्यांनी परत फिरवली. पण आचल फाटकाने गेलीच नाही. मागच्या भिंतीला तेव्हा बकऱ्यांनी पाडलेली वाट होती (सरांनी नंतर ती बुजवून घेतली), तिथून निघाली आणि सरळ स्टँडवर गेली. सकाळी ज्या गाडीतून उतरली तिच्यावर 'आर्वी' लिहिलेलं होतं, हे तिच्या लक्षात. म्हणून तिने स्टँडवर 'आर्वी' लिहिलेली गाडी शोधली आणि खिडकी धरून बसली. गाडी होती वर्ध्याला जाणारी, ड्रायव्हरने पाटी बदलायची तेवढी बाकी. वर्गात एक पोरगी कमी दिसली तसे सर स्कूटरवर धापा टाकत पोचले, गाडीत चढले आणि तिच्या शेजारी बसले.

"कुठी चालली माय?"

"घरी. सुट्टी झाली न."

दुसऱ्या दिवशी तिचे बाबा आले, कडेवर लहान मुलगा. शेतीवाला सरळ माणूस. भांडायला आला नव्हता, ठरवून आला होता. "सर, नाव काढून टाका. हरवली असती तं कोणाले पुसलं असतं मी? तिची माय वावरात निंदाले जाते, हे घरी राह्यली तं लहान्याले तरी धरन."

आचल दाराआड उभी होती. चौथीत सगळ्यात पुढे होती ती पोरगी, तिचे आधीचे गुरुजी फोन करून सांगत होते. एकदा घरी बसली की परत शाळा नाही, हे मला, सरांना आणि बहुतेक तिलाही माहीत होतं.

"पोळ्यालोक पाठव," सर म्हणाले, म्हणजे पोळ्यापर्यंत. "रोज मी तिच्या संग गाडीत बसतो."

"तुम्ही?"

"हव. मी."

झालं. दररोज पहिल्या गाडीने हा माणूस आर्वीहून उलटा तिच्या गावाला जायचा आणि त्याच गाडीने गावच्या पोरांसोबत परत यायचा. मग दिवसभर पाचवी. मधल्या सुट्टीत स्टाफरूममध्ये खुर्चीवर पाय टाकून तोंड उघडं ठेवून झोपायचा. बुटाचे बंद सोडलेले, मोज्याचा वळ सुजलेल्या घोट्यात रुतलेला. मला त्यांची दया यायची आणि खरं सांगते, रागही यायचा. आपण दमलेलो असलो की दुसऱ्या दमलेल्या माणसाची जिद्द बघवत नाही.

"काऊन करून राह्यले हे सगळं, सर? पेन्शनीचे कागद तरी पूर्ण करा."

"होते हळूहळू," ते म्हणायचे. पाठदुखी, पेन्शन, पाचवी, सगळ्याला त्यांचं हेच उत्तर.

तान्ह्या पोळ्याच्या, म्हणजे पोरांच्या लाकडी बैलांच्या सणाच्या दिवशी मलाही सोबत घेऊन ते तिच्या गावाला गेले. आचलने चाकाचा लाकडी नंदी आणून दाखवला, त्याला तांबडा हिंगूळ लावलेला, गळ्यात चवळीच्या शेंगांची माळ. सरांच्या मांडीला टेकून बडबड बडबड. पुरणपोळी झाली, पान झालं. मग तिचे बाबा म्हणाले, "सर, पोरगी येते, खरं हाये. पण ते तुमच्यासाठी येते, शाळेसाठी नाई. तुम्ही गेल्यावर मंग?"

सरांनी नंदीचं चाक बोटाने फिरवलं. 'होते हळूहळू' म्हणायचंसुद्धा राहिलं.

"तुमच्या जायाच्या दिवसालोक पाहतो," बाबा म्हणाले. "त्याच्यानंतर एकडाव जरी निंघून आली, तं मी पुन्हा नाई पाठवत. मंग मले काही म्हणू नोका."

परतीच्या गाडीत सर खिडकीबाहेर सोयाबीन बघत होते. आर्वी जवळ आली तेव्हा म्हणाले, "बरोबर म्हणते तो. मीच गाय होऊन बसलो." मी पर्समधली बडीशेप काढून दिली.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी गाडीने जाणं बंद केलं. स्टँडवर चहाच्या टपरीमागे उभे राहायचे, ती उतरलेली दिसली की वेगळ्या रस्त्याने शाळेत. तास तर भराभर परत केले. मागच्या बाकावर बसणंही सोडलं. तिने वर्गात विचारलं, "सर, तुम्ही रागावले काय आमच्यावर?" तेव्हा "नाई व" म्हणून फळा पुसत राहिले. फळा आधीच पुसलेला होता. अखेर त्यांच्याकडे पाचवीचा एकच तास उरला, पहिला.

तरीही घंटा झाली की ती दप्तराला हात लावायचीच. सर दारातून नुसते बघायचे, मग ती बसायची. त्या बघण्याशिवाय बसली असं एकदाही झालं नाही.

शेवटच्या दिवशी निरोप समारंभ दुपारी घेऊ, असं मुख्याध्यापक म्हणत होते. सरांनी हात जोडले. "पहिला तास घेतो अन् जातो. हारतुरे घालसान तं पोट्टे रडतीन, अन् रडले की निंघतीन." कोणी फार आग्रह केला नाही. मला ते लागलं, पण त्यांचंच बरोबर होतं.

पाचवीचा दुसरा तास माझा. मी घंटेच्या आधीच व्हरांड्यात जाऊन थांबले. आत सर कसली तरी बेरीज समजावत होते, नेहमीसारखी, सावकाश. घंटा झाली. त्यांनी खडू ठेवला, हात झटकले आणि म्हणाले, "घंटा वाजली की?"

"मास्तर जाते, पोट्टं नाई जात," वर्ग एका सुरात ओरडला.

ते बाहेर आले. माझ्याजवळून गेले. आज दारात थांबून मागे बघितलं नाही. मान ताठ करून, छत्री काखेत धरून चालत राहिले.

मी वर्गात शिरले. आचलचा हात दप्तराच्या पट्ट्यावर होता. ती दाराकडे बघत होती. दार रिकामं. ती अर्धी उठली. मी तिला थांबवलं नाही, हजेरी उघडली. शेजारच्या पोरीने तिला विचारलं, "हिंदीचं पुस्तक आणलं काय?" आचलने तिच्याकडे पाहिलं. मग खाली बसली, दप्तर उघडलं आणि पुस्तक काढून दोघींच्या मध्ये ठेवलं.

मी धडा सुरू केला. काय शिकवलं, आठवत नाही. मधेच खिडकीतून पाहिलं तर सर फाटकाशी उभे होते. दरवर्षीच्याच जागी, छत्री आडवी धरून, तोंड वर्गाकडे. त्यांची नोकरी संपली होती, घरचे वाट पाहत असतील, पण ते आचल निघून येते का, याची वाट बघत होते. कोणी आलं नाही. तास संपेपर्यंत ते तसेच उभे राहिले आणि त्यांच्यापर्यंत कोणीच आलं नाही.

तास संपल्याची घंटा झाली. मी दारात थांबून पाहिलं, आचल शेजारणीशी काहीतरी बोलत हसत होती. तिने मान वरसुद्धा केली नाही. मी जवळजवळ पळतच फाटकाकडे गेले, बसली आहे म्हणून सांगायला. फाटकाशी कोणी नव्हतं.