न गिळलेला घास

काकांच्या शोकसभेत मला रडू आलं नाही, किळस आली. छावणीचं सभागृह, खुर्च्यांना पांढरे अभ्रे, मंचावर काकांचा फोटो आणि फोटोपेक्षा मोठा पुष्पगुच्छ. तो पाठवणाऱ्याचं नाव सोनेरी अक्षरांत. काकांचं नाव मात्र कोणीतरी फळ्यावर खडूने खरडलं होतं, तेही हुद्दा चुकवून. जिवंतपणी ज्या हुद्द्याच्या आसपास फिरकू दिलं नाही, तो मेल्यावर फुकटात मिळाला.

माझे वडील लवकर गेले, तेव्हापासून मी काका-काकूंच्या घरी वाढले. काका मेजर होते. घरी असले की भांडी घासायचे, काकूचे पाय चेपून द्यायचे आणि माझ्या वेण्या घालायचे. त्या इतक्या घट्ट, की दिवसभर माझ्या भुवया कपाळावर चढलेल्या. शाळेतल्या बाईंना वाटायचं, या पोरीला कशाचंही आश्चर्यच वाटतं. सकाळी कामावर जाण्याआधी काका भिंतीकडे तोंड करून, डोळे मिटून बसायचे. देवाकडे एवढं काय मागता, असं मी एकदा विचारलं.

"मागत नाही गं," ते म्हणाले. "हजेरी देतो."

पलटणीत सगळे त्यांना 'महाराज' म्हणायचे, अर्थात पाठीमागे.

त्या पलटणीत एक रिवाज होता. जवानांना वाढण्याआधी त्या दिवशीच्या अधिकाऱ्याने प्रत्येक पातेल्यातला एक घास सगळ्यांसमोर खायचा. त्याने गिळला की पंगत सुरू. थुंकला, तर पातेलं ओतून द्यायचं. बहुतेक अधिकारी चमचा ओठांना लावल्यासारखं करत आणि मान डोलावून सटकत. काका खरंच खायचे.

एका दुपारी मटण कुजकं निघालं. आचाऱ्याने ते धुऊन धुऊन पांढरंफटक केलं होतं, वर मसाल्याचा मारा केला होता, तरी वास लपत नव्हता. मटण पुरवणारा पलटणीच्या मोठ्या साहेबांचा सख्खा मेहुणा, आणि मोठे साहेब स्वतः शेजारी उभे. काकांनी घास तोंडात घेतला आणि तो तोंडातच राहिला.

"गिळा," साहेब हळूच म्हणाले.

काका थुंकले. घास साहेबांच्या चकचकीत बुटावर पडला. नेम चुकला, असं काका शेवटपर्यंत सांगत राहिले. घरात नेमबाजीची पदकं मात्र डबाभर होती.

पातेली गटारात गेली आणि काका एका दूरच्या ठाण्यावर, गाद्या-घोंगड्यांच्या कोठारावर. पुढची सगळी नोकरी त्यांनी तिथेच कुबट वासात काढली. बढती नाही. आजी अंथरुणाला खिळली तेव्हा रजा नाही. आजी गेली त्या दिवशी काका घोंगड्या उन्हात घालत होते. हे सगळं कोणामुळे झालं, ते छावणीतल्या कुत्र्यामांजरांनाही ठाऊक होतं.

आणि आता तेच मोठे साहेब सभेचे अध्यक्ष.

सभेआधी दादाने, म्हणजे काकांच्या मुलाने, काकूला आणि मला बाजूच्या खोलीत नेलं. तो त्याच छावणीत कॅप्टन आहे. छावणीत नवं स्वयंपाकघर बांधलं होतं आणि त्याला काकांचं नाव द्यायची टूम साहेबांनी काढली होती. काकूने मंचावर जाऊन फक्त हो म्हणायचं होतं.

"आई, नुसतं 'आभारी आहे' म्हण आणि खाली ये," दादा म्हणाला.

"तिथे पुरवठा कोणाचा?" काकूने विचारलं.

"त्यांच्या मेहुण्याचाच. पण ते आता कशाला उकरायचं?"

"साहेब तर केव्हाच निवृत्त झाले," मी म्हटलं. "तू त्यांना इतका का टरकतोस?"

"त्यांचा जावई नाही ना झाला निवृत्त. माझी बढती त्याच्या हातात आहे."

काकूने त्याच्या कॉलरची सुरकुती सरळ केली.

साहेबांनी भाषण ठोकलं. आवाज कापरा, रुमाल हातात तयार. देवभोळा माणूस, कुटुंबवत्सल माणूस, सगळं झालं. मग म्हणाले, "एकदा जेवण बिघडलं होतं. मी नुसतं म्हटलं, गिळा. त्या पठ्ठ्याने हूं की चूं न करता गिळलं. याला म्हणतात आज्ञापालन." टाळ्या पडल्या. त्या दुपारी उपाशी राहिलेले दोन म्हातारे सुभेदार पहिल्या रांगेत होते, त्यांनीही वाजवल्या. मंचावर साहेबांच्या मागे उभा असलेला दादा माना डोलावत होता.

काकूला वर बोलावलं. तिने ध्वनिक्षेपक स्वतःच खाली ओढून घेतला.

"साहेब, ह्यांनी गिळलं नव्हतं," ती म्हणाली. "थुंकले होते. तुमच्या बुटावर."

खुर्च्या करकरायच्या थांबल्या.

"रोज सकाळी हे देवापुढे बसून तुमच्यासाठी प्रार्थना करायचे. 'त्यांचं भलं कर' म्हणायचे. मला राग यायचा. मी भांडी आपटायचे, की ह्यांना ऐकू जावं. ह्यांनी तुम्हाला माफ केलं होतं. मी केलेलं नाही, आणि आता घरात मीच उरले आहे. स्वयंपाकघराला ह्यांचं नाव देऊ नका. मेहुण्यांचं द्या."

ती पायऱ्या उतरली, मधल्या वाटेने सरळ चालत बाहेर आली. कोणी उठलं नाही. मी तिच्या मागे पळाले. व्हरांड्यात तिने दम घेतला आणि वळून पाहिलं. दादा येईल अशी तिची खात्री होती. माझीही.

दाराच्या काचेतून मंच दिसत होता. साहेब खुर्चीत बसले होते. दादा त्यांच्यासमोर कमरेत वाकून, हात जोडून काहीतरी सांगत होता. ऐकू येत नव्हतं, पण कळायला काही उरलं नव्हतं. आईचं डोकं ठिकाणावर नाही, असंच काहीतरी. साहेबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. तो आणखी वाकला.

माझ्या तोंडात शिवी आली होती. काकू काचेपाशी उभी राहून बघत राहिली.

"मागून अगदी ह्यांच्यासारखा दिसतो," ती म्हणाली, आणि चालू लागली.