आधी पाणी, मग दवाखाना

सोलापुरात विजापूर रोडच्या पुढे आमचं सहा मजली बांधकाम चाललं होतं. मी मोहोळहून रोज एसटीने यायचे. साइट इंजिनिअर म्हणून माझी ती पहिलीच नोकरी. भीमाबाई तिथे बिगारी होत्या. वय पंचेचाळीसच्या आसपास, साडीवर नवऱ्याचा जुना शर्ट. घमेली वाहायची, फरशी पुसायची, सांगितलेलं काम गुपचूप करायचं. दोन महिन्यांत आमचं कामापलीकडे बोलणं झालं नव्हतं.

एप्रिलमध्ये चौथ्या मजल्यावरच्या फरशीचे सिमेंटचे डाग ॲसिडने काढायचे होते. मोठा कॅन वर न्यायला जड, म्हणून मानसिंग मिस्त्रींनी थोडं ॲसिड पाण्याच्या रिकाम्या बाटलीत ओतून घेतलं. मी शेजारीच उभी होते. हे चूक आहे हे मला माहीत होतं. पण तीस वर्षं काम केलेल्या माणसाला आपण काय सांगायचं, म्हणून गप्प बसले.

दुपारी बिरदेव वर आला. हा सांगोल्याकडचा, घरी मेंढरं, उन्हाळाभर सोलापुरात मजुरी. उन्हाने त्याच्या घशाला कोरड पडलेली. खिडकीतली बाटली त्याने उचलली आणि बूच काढून तोंडाशी नेली. उग्र वास नाकात जाताच तो दचकला, हाताला हिसका बसला, आणि आतलं ॲसिड त्याच्या उजव्या डोळ्यावर आणि गालावर उडालं.

सगळे धावले. कोणी म्हणालं दूध घाला, कोणी म्हणालं तूप लावा. मिस्त्री त्याला धरून जिन्याकडे नेऊ लागले, तेवढ्यात भीमाबाई आडव्या आल्या.

"आधी पाणी. मग दवाखाना."

"बाई, सरा बाजूला. डोळा जाईल त्याचा."

"पाणी न्हाय मारलं तर जाईल."

त्यांनी बिरदेवला खाली बसवलं, त्याची मान उजवीकडे कलती केली, म्हणजे ओघळ चांगल्या डोळ्यात जाणार नाही. स्लॅबवर पाणी मारायचा पाइप ओढून घेतला. धार थेट डोळ्यावर न सोडता आधी आपल्या तळहातावर घेतली आणि तिथून हळूहळू डोळ्यात सोडली. दुसऱ्या हाताच्या बोटांनी पापण्या उघड्या धरल्या. तो तडफडत होता.

"मिटू नको, लेकरा. उघडा ठेव. मी हाय हितं." मग मान न वळवता मला म्हणाल्या, "मॅडम, घड्याळ बघा. वीस मिनटं झाली की सांगा. आन् त्याचा सदरा काढा कुणीतरी, त्याला बी लागलंय."

मागून कोणीतरी म्हणालं, "टाकीत आज स्लॅबपुरतंच पाणी आहे. टँकर परवा येणार."

"स्लॅब थांबंल," भीमाबाई म्हणाल्या.

वीस मिनिटं इतकी मोठी असतात हे मला त्या दिवशी कळलं. तेवढ्यात रिक्षा खाली येऊन थांबली होती. दवाखान्यात डॉक्टरांनी डोळा तपासला आणि विचारलं, "जागेवर कोणी धुतला?" आम्ही भीमाबाईंकडे बोट दाखवलं. "यांच्यामुळे वाचला," एवढंच म्हणून ते औषध लिहायला लागले.

बाहेरच्या बाकावर मी त्यांना विचारलं, "हे तुम्हाला कोणी शिकवलं?"

त्यांनी नवऱ्याचं सांगितलं. त्यांचे पती यशवंत रंगकाम करायचे. बारा वर्षांपूर्वी चुना कालवताना डोळ्यात उडाला. लोकांनी तूप लावलं, पट्टी बांधली, आणि मोठ्या दवाखान्यात न्यायला संध्याकाळ झाली. डोळा गेला. "डॉक्टर मला म्हनले, बाई, नुसतं पाणी जरी मारलं असतं तरी चाललं असतं. पाणी शेजारीच व्हतं की, मॅडम. बादलीभर."

मी एवढंच सांगितलं, की बाटलीत ॲसिड ओतताना मी पाहिलं होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पण दोष दिला नाही. म्हणाल्या, "मग आता एक करा. सामानाच्या खोलीची किल्ली माज्याकडं द्या."

ठेकेदार सिद्धेश्वर शेठ आधी हसले. बिगारी बाईला किल्ली? मी हट्ट धरला. माझी चूकही त्यांच्यापुढे कबूल केली. मग किल्ली मिळाली.

प्रत्येक कॅनवरचं इंग्रजी मी वाचायचे, अर्थ सांगायचे. भीमाबाईंची मुलगी संघप्रिया नर्सिंगला होती, ती मोठ्या अक्षरात मराठी चिठ्ठ्या लिहून द्यायची. थिनर उन्हातून सावलीत गेला, विडी ओढणारे तिथून हटले. पिण्याच्या बाटलीत दुसरं काही भरायचं नाही. ॲसिड पातळ करताना पाण्यात ॲसिड घालायचं, ॲसिडात पाणी कधीच नाही. हातमोजे आणि चष्मा घातल्याशिवाय कॅन मिळणार नाही. प्रत्येक मजल्यावर पाण्याचं पिंप, आणि त्याला हात लावायचा तो फक्त अपघातात.

मानसिंग मिस्त्री पंधरा दिवस त्यांच्याशी बोलले नाहीत. सामान न्यायला दुसऱ्याला पाठवायचे. मग एका सकाळी स्वतः आले, चष्मा डोळ्यांवर चढवला आणि म्हणाले, "द्या आता." भीमाबाईंनी कॅन पुढे सरकवला.

बिरदेव महिन्याभराने परत आला. गालावर फिकट डाग राहिला होता, नजर दोन्ही डोळ्यांनी साफ होती.

भीमाबाईंच्या वस्तीतल्या कितीतरी बाया बांधकामावर जातात. एका रविवारी विहारात वंदना झाल्यावर भीमाबाईंनी त्यांना थांबवून घेतलं आणि डोळा कसा धुवायचा ते करून दाखवलं. पेशंट म्हणून यशवंतच बसले होते. दुसऱ्या रविवारी बाया आपापल्या नवऱ्यांना घेऊन आल्या.

आता आमची नवी साइट जुळे सोलापुरात आहे आणि भीमाबाई तिथे स्टोअरकीपर आहेत. परवा एक टेम्पो चिठ्ठी नसलेले चार कॅन घेऊन आला. ड्रायव्हर म्हणाला, नेहमीचाच माल आहे. भीमाबाईंनी दुकानदाराला फोन लावला.

"आत काय हाय ते लिहून पाठवा, दादा. मग उतरवून घेते."

टेम्पो तसाच परत गेला. तासाभराने आला, तेव्हा चारही कॅनवर मराठीत नावं लिहिलेली होती.