दिवा मारला म्हणजे काय

ड्रायव्हरकाकांबद्दल लिहायला बसलो खरा, पण मला त्यांची माहिती ती किती? परदेशी कसे गेले, बायको कशाने गेली, परत का आले, यातलं मी काही विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. चौकाजवळ माझं चष्मेदुरुस्तीचं दुकान आहे. दारासमोरच रस्ता ओलांडायचे पांढरे पट्टे. काका पलीकडच्या इमारतीत एकटे राहायचे. त्यामुळे मी त्यांना सर्वांत जास्त पाहिलं ते पलीकडच्या कडेला, हात मागे बांधून, गाडी थांबायची वाट बघताना.

आमच्याकडे गाडी थांबते ती पेट्रोल संपल्यावर. शेजारच्या पेपरवाल्याने त्यांचं नाव ‘आधी तुम्ही’ ठेवलं होतं. चेष्टा करायचा, पण बऱ्याचदा तोच जाऊन त्यांना दंडाला धरून अलीकडे आणायचा.

चष्म्याचा स्क्रू सैल झालाय, असं सांगून काका दुकानात येत. स्क्रू घट्टच असायचा. मीही तो उगाच फिरवल्यासारखं करायचो.

परदेशात त्यांनी उभी हयात बस चालवली. तिथे म्हणे पट्ट्यांवर माणसाचा पाय पडला की बसने थांबायचं, कायदाच तसा. तिथल्या शेजारच्या देशात मात्र सिग्नलमधला लाल माणूस पेटलेला असताना रस्ता रिकामा असला तरी पाऊल टाकायचं नाही, टाकलं तर चालणाऱ्यालाच दंड. सीमा ओलांडली की पायांनाही नव्याने शाळेत घालावं लागतं, असं ते म्हणायचे. तिकडे समोरच्या गाडीने दिवा मारला तर ‘जा तुम्ही, मी थांबलोय’. इकडे दिवा मारला म्हणजे ‘मी येतोय, सरका’. एकच दिवा आणि अर्थ उलटा, यावर आम्ही दोघे बराच वेळ हसलो होतो.

त्यांची मुलगी तिकडेच. फोनवर तिचा एकच धोशा, एकदा जरी पडलात तरी येऊन घेऊन जाईन. त्यांना जायचं नव्हतं. मी कधी नव्हे ते विचारलं, तिकडे गाड्या थांबतात, मुलगी आहे, मग इथे काय ठेवलंय?

“तिकडे सगळे थांबतात हो,” ते म्हणाले, “पण काच कुणी खाली करत नाही. इथे काल एकाने काच खाली करून विचारलं, आजोबा, घरी सांगून आलात का? काल दिवसभरात माझ्याशी बोललेला तो एकटाच. घरी कोण आहे सांगायला? मला हसूच आलं.”

मी चष्मा पुसून त्यांच्या हातात दिला.

त्या सकाळी पेपरवाला आलेला नव्हता. मी दारात उभा होतो. लांबून येणाऱ्या गाडीने दिवा मारला. काकांनी हात वर करून तिचे आभार मानले आणि पाऊल टाकलं. अर्थ त्यांना ठाऊक होता, पण पाय तिकडचेच राहिले होते. गाडी करकचून थांबली. धक्का हलकाच लागला, पण ते मनगटावर पडले. गाडीवाला घाबरून पांढराफटक झाला होता. काका त्यालाच समजावत होते की चूक माझी, मला वाटलं तुम्ही जा म्हणालात.

मी त्यांना उठवलं तेव्हा ते हळूच म्हणाले, “मुलीला कळवू नका.”

मी कळवलं नाही. पण हल्ली फोनवर माणूस दिसतो, आणि प्लास्टर किती दिवस लपवणार? ती आली. बापाच्या काळजीने वाळून गेलेली पोर, तिला तरी काय म्हणायचं?

निघायच्या दिवशी टॅक्सी त्यांच्या दारात लागली. दुकान उघडं टाकून मी पलीकडे गेलो. मुलगी सामान ठेवत होती. काका मागच्या सीटवर, प्लास्टरचा हात मांडीवर घेऊन बसले होते. मला एवढंच विचारता आलं, चष्मा नीट बसलाय ना? त्यांनी मान हलवली.

दुकानात गिऱ्हाईक आलेलं दिसलं, म्हणून मी वळलो. पट्ट्यांपाशी पोहोचलो तेवढ्यात मागे टॅक्सीची काच खाली झाली.

“अहो चष्मेवाले, दोन्हीकडे बघून जा.”

“हो, बघतो.”