साडूंची हाक

आमच्या साडूंएवढा मोठा आवाज देवानं दुसऱ्या कुणाला दिला असंल, तर त्यो माणूस कोल्हापूर जिल्ह्यात तरी अजून जन्माला यायचाय. साडू म्हंजे माझ्या बायकोच्या थोरल्या भणीचं मालक. त्यांचा म्हशींचा गोठा कागलच्या अलीकडं, हायवेच्या अंगाला. माझं घर तिथनं चांगलं लांब. त्यांच्याजवळ मोबाईल हाय, पर त्यो वापरायची गरज त्यांना कधी पडली न्हाय. "पावणंऽऽ, च्याला या!" म्हणून गोठ्यातनं हाक आली की मी तर निघायचोच, पर हायवेवरचा एखादा ट्रकवालाबी ब्रेक दाबायचा. एकदा माझी बायको माझ्यावर रुसून बसलीती. साडूंनी मला बाजूला घेतलं आणि लई हळू, कानात सांगितलं, "तिला साडी घ्या." दुसऱ्या दिवशी माझ्या रिक्षात बसलेली अनोळखी बाई म्हणाली, "भाऊ, निळी घ्या, निळी खुलंल तिला."

ह्या आवाजाचं खरं चीज व्हायचं ते दिवाळीच्या पाडव्याला. त्या दिवशी आमच्याकडं म्हशी नटवून रस्त्यावर आणत्यात. शिंगं रंगवायची, गळ्यात घुंगरमाळा, कपाळाला मोरपिसं, आणि मालक फटफटीवर पुढं, म्हस मागं. दावं न्हाय, काठी न्हाय. नुस्त्या हाकंवर म्हस पळाली पायजे आणि हाकंवरच थांबली पायजे. साडूंची मैना म्हंजे त्या दिवसाची राणी. "हैऽऽक मैनेऽऽ!" म्हटलं की गर्दी फाडून पळत सुटायची, आणि "हूऽऽ!" म्हटलं की खुर रोवून जाग्यावर उभी. एका साली साडूंनी "हूऽऽ!" केलं तसा मीबी गर्दीत एक पाय वर धरून थांबलो. मैनेला पेंड मिळाली. मला मागच्या माणसाचा धक्का.

दुसरी खोड अशी, की साडू कायबी घेताना म्हस घेतल्यागत घ्यायचं. आधी भोवतीनं फिरून बघायचं, मग थाप मारायची, मग दात बघायचं. फ्रीज घेताना त्याचं दार उघडून आत तोंड घालून बसलं हुतं. माझं लगीन ठरताना मला उभा केला, एक चक्कर मारली आणि सासऱ्यांना म्हणालं, "चालंल. दुसरं चांगलं मिळंस्तवर ऱ्हाऊ द्या." अजून दुसरं मिळालं न्हाय, म्हणून मी हाय. आणि म्हस घ्यायची तर दोन येळच्या धारा सोता काढून बघितल्याबिगर सौदा न्हाय, हा त्यांचा कायदा.

गेल्या साली त्यांच्या नाकातनं रगात यायला लागलं, एक कान बंद पडला. उन्हाळा बाधला म्हणून आमी कांदा हुंगवला. ही अक्कल माझी. शेवटी कोल्हापुरात दाखवलं, तवा नाकाच्या पाठीमागं, कवटीच्या बुडाला गाठ निघाली. तुकडा तपासला. कॅन्सर. डॉक्टरीणबाई तरणी, पर बोलायला निवांत. साडू, आक्का म्हंजे त्यांच्या मालकीण, आणि मी असं तिघं समोर बसलो. बाई म्हणाल्या, "काका, साधं रेडिएशन असतं, त्याची किरणं गाठीला लागतात आणि पुढं पलीकडं निघून जातात. वाटंतलं चांगलंबी थोडं भाजतं. दुसरं असतंय प्रोटॉनचं. ते आत जातं, गाठीपाशी जोर करतं आणि तिथंच थांबतं. सगळ्यांनाच ते लागतं असं नाही, बऱ्याच जणांना साधं पुरतं. पण तुमची गाठ डोळ्याच्या नसेला खेटून आहे, खाली घसा आहे, म्हणून मी सुचवते."

साडू पुढं सरकलं. "म्हंजे म्हस पळत यावी आणि 'हूऽऽ' म्हटल्यावर खुर रोवून थांबावी, तसं?"

त्या 'हूऽऽ'नं भाईरचा कंपाउंडर आत आला. बाई हसल्या. "तसंच, काका."

मी म्हणालो, "आणि न्हाय थांबली तर?" आक्कांनी माझ्या पायावर पाय दिला.

साडूंनी मग खांद्यावरचा टावेल काढला आणि बाईंच्या टेबलावर पसरला. आमच्या जनावरांच्या बाजारात भाव तोंडानं बोलत न्हाईत. टावेलाखाली हातात हात घालायचा आणि बोटं दाबून आकडा सांगायचा, म्हंजे चारचौघांना कळत न्हाय. साडू म्हणालं, "बाई, जगणं-मरणं ऱ्हाऊ द्या. आवाज किती ऱ्हाईल तेवढं सांगा. आमच्या हिच्यासमोर नको, हितं सांगा." मला वाटलं आता बाई आमाला भाईर काढणार. तर त्या म्हणाल्या, "माझे आजोबा वडगावच्या बाजारात दलालीच करायचे, काका. हात आणा." आणि टावेलाखाली हात घातला. लई येळ दोघांचं हात टावेलाखालीच. साडूंनी हात भाईर काढला, टावेल झटकला. भाईर आल्यावर मी इच्यारलं, "किती बोटं?" म्हणालं, "पावणं, सौदा उघडा करायचा नसतोय."

ते मशीन आमच्याकडं कुठलं? लांबच्या मोठ्या शहराला जावं लागलं. आक्का म्हशींसाठनं मागं ऱ्हायल्या, सोबत मी गेलतो. माझी रिक्षा बंद ऱ्हायली तर तेवढं दिवस कोल्हापूरकर सुखरूप घरी पोचतील, असं आक्कांचंच म्हणणं. पयल्याच दिवशी नर्सबाईंनी आमा दोघांकडं बघितलं आणि पेशंटचा पट्टा माझ्या हाताला बांधला. तोंडच माझं तसं झालतं. मी "मी न्हाय, मी न्हाय" म्हणालो तर म्हणाल्या, "घाबरू नका, सगळे असंच म्हणतात." साडू मागं हसून हसून खुर्चीत पालथं.

मशीन म्हंजे घराएवढं चाक. साडूंनी भोवतीनं फिरून बघायची परवानगी मागितली. तिथला पोरगा म्हणाला, "काका, मागं जाता येत नाही." "मग दोन धारा तरी काढून बघू दे." मी समजावून सांगितलं, तसा त्यो पोरगा म्हणाला, आधी मास्क करायचा, मग स्कॅन, मग सगळी आखणी, रंगीत तालीम, आणि मगच खरी किरणं. साडू खूश. "बघा पावणं, माणसं यवहाराला चोख हायत." मास्क म्हंजे गरम जाळी तोंडावर दाबून चेहऱ्याच्या मापाची करत्यात, डोकं हलू ने म्हणून. जाळी लावल्यावर आतनं आवाज आला, "जलमभर वासरांला मुस्कं घातलं. आता कळलं ती का लाथा मारत्यात." मी हसायला गेलो आणि ते टेबलाला जखडलेलं तोंड बघून माझंच डोळं फिरलं. मला स्ट्रेचरवर घातलं. साडू आपल्या पायानं चालत भाईर आलं आणि माझ्या तोंडावर पाणी मारलं.

निम्म्याच्या पुढं मात्र जड गेलं. गालाची कातडी काळी पडली, तोंड आलं, पेजबी उतरंना. तिथले डॉक्टर म्हणाले, हे होणारच, भरून येईल. पर आवाज बसला. एका सकाळी साडूंनी आक्कांला फोन लावला आणि मैनेच्या कानाला धरायला सांगितला. हाक मारली. घोगरी, चिरकी, अर्धी. पलीकडनं आक्का म्हणाल्या, "रवंथ करायलीया." साडूंनी फोन माझ्या हातात दिला. त्या दिवसापास्नं त्यांनी हाक मारायचीच सोडली. कायबी पायजे असलं की बोटानं खूण. मी त्यांच्या शेजारी बसून दोघांच्या वाटचं बोलायचो, नर्सबाई म्हणाल्या, "तुम्हाला गप्प करायचं इंजेक्शन असतं तर बरं झालं असतं."

घरी आलो. थोड्या म्हैन्यांनी स्कॅन झालं. कोल्हापूरच्या डॉक्टरीणबाईंनी फिल्म उजेडाला धरली, परत धरली, आणि म्हणाल्या, "काका, गाठ दिसत नाही. डोळ्याची नस शाबूत आहे." मी उडी मारली ती सरळ त्यांच्या पंख्याच्या बटणावर. साडूंनी नुस्तं हात जोडलं. जिन्यात मला थांबवलं आणि म्हणालं, "पावणं, त्या दिवशी टावेलाखाली तिनं एकबी बोट दाबलं न्हाय. नुस्ता हात धरून बसली. मला कळलं, पोरगी खोटा भाव सांगणार न्हाय."

मग पाडवा आला. आक्का नको म्हणत हुत्या. आवाज आला हुता, पर आधीचा न्हाय, पातळ, खरबरीत. त्यात एवढी गर्दी, ताशे, फटफट्यांचं सायलेन्सर काढलेलं. न्हाय आली मैना तर सगळ्या पेठंसमोर? साडूंनी मैनेची शिंगं सोता रंगवली. रस्त्यावर तिला एका टोकाला उभी केली, फटफटी दुसऱ्या टोकाला नेली आणि इंजान बंद केलं. ते बघून शेजारच्यांनीबी केलं. कुणीतरी ताशा थांबवला. साडूंनी छाती भरून घेतली.

"हैक, मैने."

एवढीच. शेजारणीला साखर मागावी एवढी. मैनेनं कान फिरवलं. मान वर केली. आणि निघाली की वो! मोरपिसं उडालीत, घुंगरं वाजत्यात, गर्दी दोन्ही अंगाला फाटतीया, आणि मी येडा आनंदानं तिच्याच पुढं पळतोय. चप्पल गेली, टोपी गेली, मैना मला वलांडून गेली. साडूंनी "हू" म्हटलं तशी त्यांच्या गुडघ्याला नाक लावून उभी. मग जो गलका उठला त्यो कर्नाटकात ऐकू गेला असंल. पोरांनी साडूंला उचललं, मैनेला उचलायला गेले, ते जमलं न्हाय, तर मलाच उचललं आणि सोडलं.

आता दर थोड्या म्हैन्यांनी तपासणीला जातो. अजून तरी सगळं नीट निघतंय. पर जायच्या आदल्या दिवशी साडू मला गोठ्यात बोलवत्यात. म्हणत्यात, "मैनेला तुमचीबी हाक कळाय पायजे. असू द्या आपली." मी मारतो. ती शेपटीबी हलवत न्हाय. साडू म्हणत्यात, "पोटातनं काढा की आवाज!" परवा कसं कुणास ठाऊक, हाक नीट निघाली. त्यांच्यासारखीच निघाली. मैनेनं रवंथ थांबवला, कान टवकारलं आणि माझ्याकडं पाऊल उचललं. मी घाईघाईनं खोकलो, लई खोकलो, पार वाकून. मैना थांबली.

"न्हाय जमणार तुमाला, पावणं," साडू म्हणालं.

"न्हाय जमणार," मी म्हणालो. "तुमीच मारा."

आणि त्यांनी मारली.